चहा : डब्यातला की सुटा?

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यातील भाषण)



चहाचं अख्खं पोतं आणून घरोघरी वाटून घ्यावं, असं आपल्या भगिनी मंडळाने सुचवलं आहे. किलोमागे पैसे वाचतील. मी तीस वर्षं चहाच्या दुकानाच्या गल्ल्यावर काढली, म्हणून मला बोलायला उभं केलंय. पोतं जरूर आणा. पण माझी एक अट आहे.

पत्ती कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात ओलावा असतो ३ टक्क्यांच्या आसपास. इतकी कोरडी वस्तू हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि शेजारचा वाससुद्धा. आम्ही दुकानात अगरबत्ती आणि साबण चहाच्या फळीजवळ कधी येऊ दिले नाहीत. पावसाळ्यात तर पोत्याचं तोंड उघडं राहिलं की चार-आठ दिवसांत पत्ती मऊ पडते. मग कितीही घाला, कडकपणा येत नाही आणि आपण म्हणतो, हल्ली दुधातच पाणी!

सीलबंद डब्यात हे होत नाही. पण कुठपर्यंत? उघडेपर्यंत! उघडल्यावर तो सुटाच. जास्तीचे पैसे काही अंशी पत्र्याचे आणि वरच्या चित्राचे. दार्जिलिंगसारखा नाजूक वासाचा चहा मात्र डब्यातलाच घ्यावा. आलं घालून, दूध ओतून खळाखळा उकळायच्या आपल्या सीटीसी दाण्याला डब्याचा थाट कशाला?

आता हिशेब. कपाला अडीच ग्रॅम धरू. चार माणसं, दोन वेळा, म्हणजे आठ कप; दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६००. आपली बिऱ्हाडं ४८. म्हणजे ३५ किलोचं पोतं जेमतेम पाच आठवडे पुरेल. ठीक आहे, तेवढ्यात चहा बिघडत नाही. ज्यांच्याकडे दोघंच आहेत आणि मुलं परगावी, त्यांनी स्वस्त मिळतोय म्हणून दोन किलो उचलू नये. त्यांना लहान डबाच परवडेल.

अट ही, की पोतं ज्या दिवशी फुटेल त्याच दिवशी संपलं पाहिजे. उरलेलं सोसायटीच्या ऑफिसात, फिनेलच्या कॅनशेजारी ठेवायचं नाही.

आणि वाटण्याआधी दोन गोष्टी तपासा. ओल्या टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, मग ती झटकून कागद धुवा आणि उजेडात धरा. डाग राहिले तर पत्ती रंगवलेली समजा. दुसरं, पत्तीवरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असला तर चिकटेल. सुट्या मालात हे बघावंच लागतं, डब्यावर निदान नाव-पत्ता छापलेला असतो.

वाटपाला येताना प्रत्येकाने घट्ट झाकणाचा, कोरडा डबा आणावा. लोणच्याची बरणी कृपया नको, वहिनी कितीही धुतली म्हणाल्या तरी.