शेगड्या दोन, पंगत एक
(उन्हाळी स्नेहभोजनाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेतील भाषण)



गच्चीवरच्या स्नेहभोजनाच्या यादीत मुलांनी ‘सॉसेज’ लिहिलं आणि वातावरण तापलं. काही म्हणाले, “सोसायटीच्या कार्यक्रमात नॉनव्हेज नको.” काही म्हणाले, “मग आम्ही येतच नाही.” अहो, २५ वर्षं एका जिन्यानं ये-जा करतोय आपण! शेगडीवरून पंगत मोडायची का?

माझं म्हणणं साधं आहे. शेगड्या दोन ठेवू, गच्चीच्या दोन टोकांना. वारा जिकडून येतो तिकडे शाकाहारी, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. तिच्यावर पनीर, सिमला मिरची, मक्याची कणसं. दुसरीवर चिकन सॉसेज. चिमटे, ब्रश, ताटल्या सगळं वेगळं.

सॉसेज काही परग्रहावरून आलेलं नाही. गोव्यात लाल मिरची आणि व्हिनेगर घातलेलं पोर्कचं चोरीस पावाबरोबर आवडीनं खातात. आपलं चिकनचं, तेव्हा काळजी एवढीच: गोठवलेली पाकिटं आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. निखाऱ्यांवर राख धरल्यावरच भाजायला घ्या. ज्वाळेवर वरून करपतं, आत कच्चं राहतं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. कच्च्याच्या ताटलीत भाजलेलं ठेवू नका. वाळूची बादली जवळ हवी. आणि पाऊस आला तरी शेगडी बंद खोलीत न्यायची नाही, कोळशाचा वायू जीवघेणा असतो.

आता मधलं टेबल. ते पूर्ण शाकाहारी आणि सगळ्यांचं. लोण्यावर शेकलेले पाव, हिरवी चटणी, कैरीचा तक्कू, लिंबू पिळलेला लासलगावचा कांदा, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, पन्हं, कलिंगड. जैन कुटुंबांसाठी कांदा-लसूण नसलेली चटणी वेगळ्या भांड्यात, नाव लिहून. इथं वाढायला दोघं उभे राहतील; कुणी आपला चमचा भांड्यात घालायचा नाही. सॉसेजवाला आणि पनीरवाला दोघांनाही तक्कूसाठी इथंच यावं लागणार. गप्पा तिथंच होतील, बघा!

वर्गणी सर्वांना सारखी. सॉसेजचा जादा खर्च खाणाऱ्यांनी वाटून घ्यावा. वाढायला कोण येतंय, हात वर करा.