मुरड पडण्याआधी



 आपल्या विषयाचं परळच्या या परिसराशी जुनं नातं आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर इथल्या हाफकिन संस्थेत संशोधनासाठी आल्या. गरोदर बायकांचा एक जीवघेणा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट.

पालेभाजीतल्या या फोलेटला शरीरात कामाला लावणारं एक विकर म्हणजे एमटीएचएफआर. आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत. ते फोलेटला असं रूप देतं, की पुढे बी-१२च्या मदतीने मिथिओनिन तयार होतं आणि भराभर वाढणाऱ्या गर्भपेशींना मिथिल गट मिळत राहतात.

या भराभर वाढीच्या काळात गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो. त्याच्या पाठीवरची चपटी पट्टी दुमडते. करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा तिच्या कडा मानेपाशी जुळतात आणि वर-खाली मिटत जातात. या नळीचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मुरड पुरी होते. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू नीट घडतच नाही. खालचं राहिलं तर कणा दुभंगलेला राहतो.

एमटीएचएफआर विकराच्या जनुकात ६७७व्या जागचं एक अक्षर बदललं, की विकर मंदावतं आणि या दोषांचा धोका वाढतो, हे १९९५ साली पुढे आलं. पण फोलेट पुरेसं असेल तर ही उणीव बरीच भरून निघते. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळात असा दोष असलेल्या मातांना गर्भ राहण्याआधीपासून गोळीतलं फोलेट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

माझ्याकडे पहिलटकरीण येते ती पाळी चुकून महिना उलटल्यावर. मी गोळी लिहून देतो. सासूबाई चिठ्ठीची घडी करून जपून पिशवीत ठेवतात. त्या वेळी मला ठाऊक असतं, की मुरड दोन आठवड्यांपूर्वीच पडून गेली.

म्हणून या संमेलनाचा यजमान या नात्याने संशोधक मित्रमैत्रिणींकडे एकच मागणं मागतो. समोर आशाताई बसल्या आहेत. त्यांना घरोघरी सांगता येईल अशा मराठीत बोला. त्यांनी सांगायचं ते हेच: रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी.