हरलेल्यालाही गोल्ड?

आज स्क्वॉशबद्दल बोलायचंय, आणि थोडं माझ्या नोकरीबद्दल. आधीच सांगतो, मी स्क्वॉश खेळत नाही. रत्नागिरीत वाढलो, आमच्याकडे कॅरम आणि अंगणातलं बॅडमिंटन. स्क्वॉशचं कोर्ट पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात नोकरीला लागल्यावर, तेही काचेबाहेरून.

तर, ३० सप्टेंबर २०२३, शनिवार. अनंत चतुर्दशी गुरुवारी झालेली, आणि गणपतीला घरी आलेला मी अजून रत्नागिरीतच होतो. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये पुरुषांच्या सांघिक स्क्वॉशची फायनल होती. बाबांना या खेळातलं काही कळत नाही. पण समोर पाकिस्तान म्हटल्यावर तेही लॅपटॉपपुढे येऊन बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोघंही खेळाडू एकाच कोर्टात, मध्ये जाळी नाही. समोरच्या भिंतीवर बॉल मारायचा, जमिनीवर दुसरा टप्पा पडायच्या आत दुसऱ्याने तो परतवायचा. ११ पॉइंटचा गेम, १०-१० झालं तर दोनची आघाडी हवी, आणि पाचपैकी तीन गेम घेतले की मॅच. पॅन अमेरिकन गेम्समध्ये खेळला गेलेला रॅकेटबॉल याचाच भाऊबंद. त्यात बॉल मोठा, जास्त उसळणारा, आणि छतसुद्धा खेळात धरतात.

सांघिक स्क्वॉशमध्ये चौघांचा संघ, खेळतात तिघं. तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या. साखळीत पाकिस्तानने आपल्याला २-१ हरवलं होतं, त्यामुळे धाकधूक होतीच.

पहिला उतरला मुंबईचा महेश माणगावकर. समोर नासिर इक्बाल. ८-११, ३-११, २-११. सरळ हार. बाबा म्हणाले, "हा कशाला घेतला रे?"

मग सौरव घोषाल. ११-५, ११-१, ११-३. १-१ बरोबरी. तिसरा अभय सिंग विरुद्ध नूर झमान. अभय दोन-एक गेमने मागे, चौथा ११-९ ने घेतला, पाचव्यात ८-१० मागे. म्हणजे पाकिस्तानला गोल्डसाठी एकच पॉइंट हवा, आणि तोही दोन संधींत. अभयने सलग चार पॉइंट घेतले. १२-१०. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.

मेडल द्यायच्या वेळी चौघं उभे. हरिंदरपाल संधू तर फायनल खेळलाच नव्हता. बाबांनी महेशकडे बोट दाखवलं. "हरला, त्याला पण गोल्ड?"

मी काहीच बोललो नाही. कारण हाच प्रश्न महिनाभर माझ्या डोक्यात होता.

ऑगस्टमध्ये आमच्या टीमचं एक मोठं रिलीज होतं. डेटा हलवायची स्क्रिप्ट माझी. रात्री ती अर्ध्यात फुटली आणि काही रेकॉर्ड दोनदा गेले. दोन सहकाऱ्यांनी पहाटेपर्यंत बसून सगळं मागे घेतलं, पुन्हा चालवलं. सकाळी क्लायंटला काही जाणवलंही नाही. सप्टेंबरमध्ये टीमला बक्षीस जाहीर झालं, यादीत माझंही नाव. मी मॅनेजरला मेल केला, माझं नाव काढा. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगितलं.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मग त्या मुलाने खेळायलाच नको होतं का?"

मंडळी, इथे इंजिनिअर म्हणून मला एक गोष्ट लक्षात आली. तीनपैकी दोन, ही रचनाच मुळी एक जण पडणार हे धरून केलेली आहे. आम्ही तीन सर्व्हर ठेवतो, एक बंद पडला तरी उरलेले दोन काम चालू ठेवतात. आणि स्क्वॉशमध्ये ०-३ हरा नाहीतर २-३ हरा, संघाच्या खात्यात हार एकच लागते. २-११ ने हरल्याची लाज खेळाडूच्या मनात मोठी असते, स्कोअरबोर्डवर नसते.

अजून एक. २०१४ ला इंचॉनमध्ये भारताने स्क्वॉशचं पहिलं एशियन गेम्स गोल्ड घेतलं, त्या संघात वीस वर्षांचा महेश होता. २०१८ च्या ब्राँझच्या संघातही होता. एका दुपारच्या तीन गेमवरून त्याला जोखणारे आम्ही कोण?

पण मी स्वतःला सोडत नाही. महेशला समोरच्याने हरवलं. माझी चूक होती, चाचणी कमी केली होती. हा फरक आहेच. म्हणून सोमवारी मी दोन गोष्टी केल्या. मेल मागे घेतला. आणि काय चुकलं, कसं चुकलं, पुढच्या वेळी कुठे तपासायचं, ते चार पानांत लिहून टीमला पाठवलं. त्या रात्री जागलेल्या दोघांची नावं सगळ्यात वर लिहिली.

त्याच ऑक्टोबरमध्ये, १६ तारखेला, मुंबईत भरलेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला मंजुरी मिळाली. तिथे फक्त एकेरी आहे. हरलात तर मागे दुसरं कोणी नाही. नोकरी तशी नसते, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

बक्षिसाचं प्रमाणपत्र रत्नागिरीला नेलं. बाबांनी टीव्हीशेजारी ठेवलंय. कोणी विचारलं तर सांगतात, "याची मॅच गेली होती, पण टीम जिंकली."

तुमचीही अशी गेलेली मॅच असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.