धाकट्यांचा खेळ आणि थोरल्यांचे कर्तव्य
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरसालच्या ह्या संमेलनात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करतो, शिष्यवृत्त्या वाटतो, वधूवरांची नोंद घेतो. ही सर्व कार्ये आवश्यक आहेत, आणि ज्या पूर्वसूरींनी ती घालून दिली त्यांचे आपण ऋणी आहोत. परंतु परीक्षेतील गुणांखेरीज मुलांच्या अंगी आणखी एक गुण असतो; तो मैदानावर दिसतो, गुणपत्रिकेत दिसत नाही. त्याची जोपासना कोणी करावी, ह्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. जे पाहिले आणि जे वाचले, तेवढेच आपणापुढे ठेवितो.

मुलाला खेळाची गोडी कोण लावतो, असे विचारले तर कोणी म्हणेल शिक्षक, कोणी म्हणेल वडील. माझे उत्तर निराळे आहे. शिक्षकाला चाळीस-पन्नास मुले सांभाळावयाची असतात. वडील दिवसभराच्या श्रमाने थकलेले असतात, आणि शिवाय वडिलांच्या सांगण्याला आज्ञेचा वास येतो. थोरला भाऊ किंवा थोरली बहीण मात्र अशा ठिकाणी उभी असते, की तिचा शब्द आज्ञेसारखा जड नसतो आणि सवंगड्याच्या शब्दासारखा हलकाही नसतो. लहान मूल सांगितलेले विसरते; पाहिलेले विसरत नाही. आणि ते सर्वांत अधिक पाहते ते आपल्या थोरल्या भावंडाला. हे पटविण्यासाठी महाराष्ट्रातील तीन घरांची हकिकत मी सांगणार आहे.

पहिले घर पालवणकर बंधूंचे. हे कुटुंब मूळचे आपल्याच कोकणातील पालवण गावचे. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल ह्या चौघा भावांचा जन्म त्या काळी अस्पृश्य मानलेल्या चर्मकार ज्ञातीत झाला. वडील पुण्यास लष्करात नोकरीस होते. तेथे अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर ही मुले क्रिकेट शिकली. पुढे थोरले बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामी लागले, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता असे गोलंदाज झाले, की हिंदूंच्या संघाला त्यांच्यावाचून चालेना. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या पात्रातून चहा दिला जाई. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले, आणि धाकटे शिवराम त्याच संघात त्यांच्याबरोबर होते. एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधी लाभले नाही. जन्माची ज्ञाती आड आली. ते कर्णधारपद १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळाले, आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामन्यांचे विजेतेपद मिळविले.

ज्ञातिबंधूंनो, ह्यात दोन बोध आहेत. जो दरवाजा थोरल्याने आयुष्यभर ठोठावला, तो धाकट्यासाठी उघडला, हा पहिला. थोरल्याचे श्रम त्याच्या स्वतःच्या पदरी पडले नाहीत, तरी घराच्या पदरी पडले. दुसरा बोध आपणास थोडा बोचेल, तरी सांगतो. आपण येथे ज्ञातीच्या नावाने जमलो आहोत. ज्ञातीची संस्था मुलाला आधार देण्यासाठी असावी. त्याच्या अंगावर शिक्का मारण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या मुलाला अंगणाबाहेर ठेवण्यासाठी नसावी. मैदानाला गुण तेवढा कळतो. आपल्या मुलाचा सवंगडी कोण, त्याचा संघनायक कोण, हे विचारताना त्याचे आडनाव विचारू नये, एवढे पथ्य आपण पाळले तरी पुष्कळ झाले.

दुसरे घर मुंबईतील खाडिलकर भगिनींचे. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर ह्यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तीन कन्या. बुद्धिबळ हा बैठा खेळ खरा, परंतु त्याला लागणारा सराव आणि धीर कोणत्याही मैदानी खेळाइतकाच कठीण आहे. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा वासंतीने ती जिंकली. तिच्यामागून जयश्रीने आणि सर्वांत धाकट्या रोहिणीने ते विजेतेपद पुनःपुन्हा मिळविले. पहिली दहा वर्षे ते ह्या एका घराबाहेर गेले नाही. रोहिणीने १९८१ आणि १९८३ साली आशियाई विजेतेपदही मिळविले. ज्या घरात सरावाला तोलामोलाची जोडीदारीण समोरच बसलेली आहे, त्या घराला प्रतिस्पर्धी शोधण्यास बाहेर जावे लागत नाही. बहिणीने बहिणीला हरवावे आणि रात्री दोघींनी एका ताटात जेवावे, ह्याहून चांगली खिलाडूवृत्तीची शाळा मला ठाऊक नाही.

तिसरे घर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. सचिन तेंडुलकर ह्यांच्या विक्रमांची उजळणी मी करीत नाही. ती येथील लहान मुलेही माझ्याहून बरी करतील. मला सांगावयाचे आहे ते त्यांचे थोरले बंधू अजित ह्यांच्याविषयी. अजित स्वतः क्रिकेट खेळत असत. वयाने सचिनहून सुमारे दहा वर्षांनी मोठे. धाकट्याच्या अंगचा गुण त्यांनी ओळखला आणि १९८४ च्या सुमारास, सचिन अकरा वर्षांचा असताना, त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. सरांच्या नजरेखाली मुलगा पहिल्यांदा बावरला. मनासारखे खेळता येईना. अजितनी सरांना विनंती केली, की आपण दूर उभे राहून त्याला एकदा पाहावे. सर दृष्टीआड झाले, मुलगा मोकळेपणी खेळला, आणि पुढचे सर्वश्रुतच आहे. पुढे सरावाला वेळ मिळावा म्हणून सचिनची शाळा बदलून त्याला शारदाश्रमात घातले, आणि तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. पहिली चांगली बॅट त्याला थोरली बहीण सविता हिने दिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना, अजितनी आपल्यासाठी स्वतःच्या वाटचालीवर पाणी सोडले, हे सचिननी साऱ्या जगासमोर सांगितले.

अजितनी केले काय, ह्याचा नीट विचार करा. त्यांनी धाकट्याला 'खेळ' असे नुसते सांगितले नाही. हात धरून नेले. स्वतःला खेळ येत असूनही आपणच गुरू होऊन बसले नाहीत. आपल्याहून जाणत्याच्या हाती त्याला सोपविले. आणि तो पहिल्या दिवशी बावरला, तेव्हा रागावून घरी न आणता, तो कशाने बावरला हे ओळखून त्यावर उपाय काढला. प्रोत्साहन म्हणतात ते हेच. पाठीवर थाप मारणे सोपे. अडचण कोठे आहे हे पाहणे कठीण.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत असे गाव क्वचितच सापडेल, की जेथे कबड्डीची आवड नाही. ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूवर रेषा आखल्या, सात-सात गडी उभे राहिले, की मैदान तयार. खर्च शून्य. हा आपल्या मातीतला हुतुतू १९९० साली पेइचिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पोहोचला आणि तेथे भारताने सुवर्णपदक मिळविले. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डीचे सामने घरोघरी दूरदर्शन संचावर दिसू लागले. खेळ मातीवरून मॅटवर आला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. मुलांनी हे सामने अवश्य पाहावेत. परंतु पाहणे वाढले आणि खेळणे घटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. संध्याकाळी वाळू मोकळी असते आणि मुले मोबाइलवर मान घालून ओटीवर बसलेली असतात. त्यांच्या शेजारी थोरला भाऊ तसाच मान घालून बसलेला असतो, हेही सांगितले पाहिजे.

आपल्यातील अनेक थोरली मुले नोकरीनिमित्त मुंबईस असतात. शनिवारी लाँचने किंवा एस. टी.ने येतात, रविवारी परततात. पैसे पाठविले, की कर्तव्य झाले असे त्यांना वाटते. त्या मुलांना माझे सांगणे आहे, की त्या एका रविवारच्या सकाळी धाकट्याबरोबर तासभर वाळूवर धावा. भारी बूट आणून दिल्याने जे होणार नाही, ते त्या एका तासाने होईल. माझ्या नोकरीच्या काळात मी एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली : जो मुलगा एकटा मैदानावर येई, तो पावसाळ्यानंतर पुष्कळदा दिसेनासा होई, ज्याला थोरले भावंड घेऊन येई, तो टिके.

ह्या कामी काही पथ्ये आहेत. पहिले, वेळ ठरलेली असावी; आज दोन तास आणि मग आठ दिवस सुट्टी, असा सराव निरुपयोगी. दुसरे, धाकट्याची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये. तो काल काय करू शकत नव्हता आणि आज काय करतो, एवढेच दाखवावे. तिसरे, हरून आलेल्या मुलाला त्याच घटकेला उपदेश करू नये. आधी पोटभर जेवू द्यावे, चूक दुसऱ्या दिवशी मैदानावर सांगावी. चौथे, आपल्याला जो खेळ आवडतो तोच त्याच्या गळ्यात बांधू नये. थोरल्याला कबड्डी प्रिय आणि धाकट्याचा जीव पोहण्यात, तर त्याला पाण्याकडे न्यावे. मात्र भरती-ओहोटी जाणणारा माणूस जवळ असावा. पाचवे, दुखापत लपवू देऊ नये. मुरगळलेल्या पायाने खेळणे म्हणजे शौर्य नव्हे.

आणि मुलींविषयी. सातवी-आठवीपर्यंत मुलगी मुलांच्या बरोबरीने धावते; नंतर एकाएकी तिचे मैदान सुटते. घरातील पाणी, धाकट्यांचा सांभाळ, लोक काय म्हणतील ही धास्ती, अशी कारणे सांगितली जातात. येथे थोरल्या भावाची खरी परीक्षा आहे. त्याने तासभर घरचे काम अंगावर घेतले आणि बहिणीला सरावाला सोडले, तर अर्धी अडचण तेथेच मिटते. बहिणीच्या सामन्याला भाऊ स्वतः जाऊन बसला, की लोकांची तोंडे आपोआप बंद होतात. रक्षाबंधनाच्या ओवाळणीत ह्याहून मोठे काय घालावयाचे?

कोणी विचारील, ह्या सर्वांतून पोट भरेल काय? महाराष्ट्र शासनाने गुणवान खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेविल्या आहेत. परंतु त्या आशेने मुलाला मैदानावर ढकलू नये. सचिन लाखांत एक होतो. उरलेल्यांना खेळाने निरोगी शरीर, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय आणि भावंडांचा जिव्हाळा दिला, तर तो तोटा नव्हे. पुढे जमिनीच्या वाटणीच्या वेळी समोरासमोर बसणारे भाऊ लहानपणी एका संघातून खेळलेले असले, तर तो तंटा कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच मिटण्याचा संभव अधिक, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक नम्र सूचना करितो. पुढील वर्षापासून खेळात नाव मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करताना, ज्या थोरल्या भावाने किंवा बहिणीने त्यांना मैदानावर नेले, त्यालाही त्याच वेळी व्यासपीठावर बोलवावे आणि एक नारळ त्याच्या हाती द्यावा. खर्च अल्प आहे. परंतु सभेत बसलेल्या प्रत्येक थोरल्या भावंडाला आपले काम कोणते, हे त्यावरून न सांगता कळेल.