दिवा घे, खाली उतर : पहिल्या अ‍ॅडव्हेंचर गेमची गोष्ट



'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी ती पोरं आठवत असतील. तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. त्यात एकजण असतो डंजन मास्टर. तो सांगतो, समोर दार आहे, आतून कसलातरी आवाज येतोय, बोला, काय करता? बाकीचे म्हणतात, उघडतो दार. मग पडतात फासे. सगळा मामला बोलण्यावर.

आजची गोष्ट हा खेळ खेळणाऱ्या एका माणसाची, विल क्राउदरची. विल मॅसॅच्युसेट्समध्ये बीबीएन कंपनीत प्रोग्रामर होता. आजच्या इंटरनेटच्या आधी आर्पानेट नावाचं नेटवर्क होतं, त्यातली यंत्रं ज्या प्रोग्रामवर चालायची ते लिहिणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो एक. पण छंद वेगळाच. सुट्टी मिळाली की साहेब केंटकीत, जमिनीखाली!

तिथे मॅमथ केव्ह आहे. विल आणि त्याची बायको पॅट्रिशिया, दोघंही त्या भागातल्या गुहा धुंडाळायचे, मोजायचे. पॅट्रिशिया अंगाने बारीक. इतरांना शिरता येईना अशा फटीतून ती पलीकडे गेली होती. सप्टेंबर १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात पॅट्रिशिया होती. ही जोडगुहा आज जगातली सगळ्यात लांब गुहा आहे, ६८० किलोमीटरहून जास्त मोजून झालीय. चिखलाने माखलेल्या वह्यांमधली मापं हे नवराबायको कंप्युटरमध्ये भरायचे आणि त्यातून नकाशे काढायचे. १९७० च्या दशकात, हां!

मग दोघांचा घटस्फोट झाला. गुहांची मंडळी दोघांच्याही ओळखीची, त्यामुळे तिथे जाणं अवघड वाटायला लागलं. विलचं गुहेत जाणं थांबलं. दोन लहान मुली होत्या, त्यांच्यापासूनही लांब. मुली भेटायला आल्या की खेळतील म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने पीडीपी-१० या कंप्युटरवर, फोरट्रान भाषेत एक गेम लिहिला. नाव 'अ‍ॅडव्हेंचर'.

चित्र एकही नाही. स्क्रीनवर चार ओळी येतात, तुम्ही कुठे आहात ते सांगतात. तुम्ही एक किंवा दोन शब्द टाइप करायचे. दिवा घे. उत्तरेला जा. म्हणजे डंजन मास्टरच्या खुर्चीत आता कंप्युटर बसला. ड्रॅगन, खजिना हे नंतर. खाली उतरलात की ती गुहा खरी आहे, मॅमथमधल्या बेडक्विल्ट भागाची! जाळीचं झाकण, खड्डा, सरपटत जायची वाट. विलने मापं घेतलेल्या जागा आठवून आठवून लिहिल्यात. मला विचाराल तर, जिथे आता जाता येत नाही तिथे तो मुलींना घेऊन गेला.

त्यातला चक्रव्यूह तर कमाल आहे. प्रत्येक खोलीचं वर्णन अगदी एकसारखं. उत्तरेला गेलात आणि परत दक्षिणेला आलात तरी मूळ जागी याल याची खात्री नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा वैतागून बंदच केला होता. तोडगा काय? हातातल्या वस्तू टाकत जायचं. या खोलीत किल्ल्या, पुढच्या खोलीत बाटली. पुन्हा किल्ल्या दिसल्या की कळतं, अरे, इथे येऊन गेलोय! मग कागदावर नकाशा काढायचा. गुहा मोजणारे लोकही जागोजागी खुणा करतच पुढे सरकतात. बापाने पोरींना नकळत आपलं काम शिकवलं की!

पुढे हा गेम आर्पानेटवरून कुठे कुठे पोचला. स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्सच्या हाती लागला. त्याला त्यात भर घालायची होती, पण विलचा पत्ता नव्हता. पठ्ठ्याने नेटवर्कवरच्या प्रत्येक कंप्युटरवर 'क्राउदर' या नावाने मेल टाकला! उत्तर आलं, परवानगी मिळाली. १९७७ मध्ये वूड्सने आणखी खजिने आणि गुण मोजायची पद्धत घातली, वर संपणारा दिवा. लोकांच्या लक्षात राहिला तो हा गेम. २००७ मध्ये डेनिस जेर्झ या अभ्यासकाने विलच्या मूळ कोडवर लेख लिहिला. त्यासाठी तो स्वतः त्या गुहेत उतरला होता. गेममधल्या खोल्या बऱ्याच अंशी जागच्या जागी सापडल्या.

हा गेम आजही मोबाइलच्या ब्राउझरवर चालतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा. सुरुवातीच्या इमारतीतला दिवा उचलायला विसरू नका. आणि हो, तो पक्षी पकडायला जाताना हातात काळी काठी नको, घाबरतो बिचारा. पण पकडाच, पुढे साप आहे.

पुढच्या भागात 'झॉर्क'. भेटू!