पदवीनंतरची पहिली पाच वर्षे

(दिल्लीतील मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी निमंत्रण देतानाच मला बजावले की, उपदेश नको, उपयोगाचे काही सांगा. मीही कला शाखेचीच पदवीधर. भाषांतर हे माझे काम. तेव्हा पदवीधरांनी आपल्या पाठच्या भावंडांना जे सांगावयास हवे, आणि संकोचापोटी बहुधा सांगितले जात नाही, तेवढेच सांगते.

प्रथम स्पर्धा परीक्षांविषयी. कारण तुमच्यापैकी अनेक जण त्यासाठीच मुखर्जीनगरात आणि राजेंद्रनगरात खोल्या घेऊन राहिले आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ आणि अखेर शिफारस झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एकाची. उरलेले ५८२ आळशी होते की मंदबुद्धी? दोन्ही नव्हे. जागाच तेवढ्या होत्या. शिकवणीवर्गाच्या भिंतीवर छायाचित्र लागते ते एकाचे. शुल्क मात्र साऱ्यांकडून वसूल झालेले असते. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, हेही या व्यापाराच्या हिशेबात धरले पाहिजे.

परीक्षा देऊ नका, असे माझे म्हणणे नाही. आयोग सर्वसाधारण गटास ३२ व्या वर्षापर्यंत सहा संधी देतो. पण सहा आहेत म्हणून सहाही घेतल्याच पाहिजेत, असा काही नियम नाही. किती वर्षे द्यावयाची आणि त्या वर्षांचा खर्च कोण सोसणार, हे घरच्यांसमवेत बसून आधीच ठरवा. गावी धाकट्या बहिणीचे शिक्षण त्यासाठी थांबणार असेल, तर तिलाही त्या बैठकीत बोलवा. तिचे मत सहसा कोणी विचारीत नाही.

"काहीच जमले नाही तर मास्तर होऊ," असे म्हणणारेही पुष्कळ असतात. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक पद्धत चालू आहे: तीन वर्षे मानधनावर काम आणि त्यानंतर वेतनश्रेणी. हे मानधन प्राथमिक शाळेत सहा हजार होते. ते सोळा हजार व्हावयास २०२३ साल उजाडले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे. ज्यांना शिकविण्याची खरी ओढ आहे त्यांनी या वाटेने अवश्य जावे, परंतु हे गणित मांडून जावे.

आता नोकरीच्या कागदांकडे वळू. माझ्या पहिल्या नोकरीत पगारातून दरमहा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली जात असे. आठ महिन्यांनी खात्याचे पासबुक पाहिले तेव्हा त्यात तीनच महिन्यांचा भरणा आढळला. आम्ही चौघांनी मिळून लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे उरलेली रक्कम जमा झाली. एकटीची तक्रार बहुधा टेबलावरच पडून राहिली असती. तुम्ही आठ महिने वाट पाहू नका. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून कापतात आणि तितकाच भार मालकाने उचलावयाचा असतो. निधीचा खातेक्रमांक रुजू होताच मागून घ्या आणि दरमहा पासबुक पाहा.

नेमणूकपत्राविना कामावर जाऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांनी कामगारांचे काय काय हिरावून घेतले, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. परंतु प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर उपदान मिळते, ही दोन कलमे त्यांत आहेत. ती पदरात पाडून घ्या. पत्रावर मालक म्हणून नाव कोणाचे आहे, जेथे काम करावयाचे त्या कचेरीचे की मध्यस्थ कंत्राटदाराचे, हे सर्वांत आधी वाचा. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. परीक्षार्थी तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला तो रद्द करावा लागला.

राहिला कला शाखेच्या पदवीचा प्रश्न. तिला बाजारात भाव नाही, हे ऐकून तुमचे कान किटले असतील. माझा अनुभव थोडा निराळा आहे. तुम्ही मराठी घरात वाढलात, हिंदीत व्यवहार करता आणि इंग्रजीत परीक्षा देता. या तीन भाषांतून अचूक लिहिणारी माणसे शोधूनही सापडत नाहीत. यंत्र आज घटकेत भाषांतर करते हे खरे, आणि त्यामुळे शब्दामागचा दर घसरला हेही खरे. पण करारातील एका कलमाचा अर्थ फिरला, तर त्याची जबाबदारी यंत्र घेत नाही. मजकूर तपासून स्वाक्षरी करावयास माणूसच लागतो. म्हणून एखादा विषय, कायदा म्हणा, शेती म्हणा, आरोग्य म्हणा, नीट आत्मसात करा. आणि देवनागरी टंकलेखन शिकून घ्या. त्यात कमीपणा मानणारे पदवीधर मी पाहिले आहेत. त्यांचे लिखाण दुसऱ्याच्या सवडीवर अडून राहते.

तुमच्यापैकी काही जणांच्या हाती नेमणूकपत्रे आलेली आहेत, असे चिटणीस म्हणाले. ती घेऊन मागच्या खोलीत या. चहा होईपर्यंत आपण एकेक कलम वाचून काढू.