दोन दिवसांची मुंबई



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची चाल पाडली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. त्या मानाने आजचा आमचा विषय अगदीच किरकोळ आहे. कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांनी थोडक्या पैशांत शनिवार-रविवार मुंबई पाहिली, एवढेच त्यात आहे. चालक मंडळींनी विषय विचारला आणि आम्ही हा सांगितला, तेव्हा ती क्षणभर थबकली. पण नको म्हणाली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

हा विषय आम्हाला का घ्यावासा वाटला ते आधी सांगतो. बार्शीहून मुंबईला जाणारी माणसे थोडी नाहीत. कोणी मुलाखतीला जातो, कोणी परीक्षेला, कोणी कोर्टाच्या कामाला. कोणावर परळच्या टाटा रुग्णालयात जाण्याची पाळी येते. बार्शीतच नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय उभे राहिले म्हणून निदान ती पाळी पुष्कळांची टळली. काम आटोपले की माणूस रात्रीच्या गाडीत बसतो आणि सकाळी घरी येतो. अशा रीतीने दहा वेळा मुंबईला गेलेला आणि मुंबई मुळीच न पाहिलेला मनुष्य आपल्या प्रत्येक आळीत सापडेल. याउलट, एखाद्या मुलाने ‘मुंबई पाहायला जातो’ म्हणून घरी सांगावे, तर वडील विचारतात, ‘पाहायला म्हणजे? काम काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणून पुष्कळ मुले जात नाहीत. पैसे नाहीत ही सबब त्यानंतरची.

ही हकीकत १९८१ सालच्या दिवाळीनंतरची. आम्ही आणि आमचे एक स्नेही, दोघेही शेवटच्या वर्षाला. स्नेह्यांनी मागल्या वर्षाची पुस्तके निम्म्या किमतीला विकली, आमच्यापाशी एका शिकवणीचे थोडे पैसे होते. दोघांचे मिळून जे जमले त्यातून जाण्यायेण्याचे भाडे वजा जाता हाती साठ-पासष्ट रुपये राहिले. एवढ्यात दोघांचे दोन दिवस काढायचे. घरून शिदोरी घेतली होती. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही जोडी आपल्या मुलखाने प्रवाशांसाठीच शोधून काढली असावी, असे आमचे मत आहे. ती चार दिवस टिकते, तिला कालवण लागत नाही, आणि डब्यातल्या अनोळखी माणसाला एक चतकोर दिला की बसायला जागा होते.

त्या काळी बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत आपली लहान गाडी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८९७ साली ती चालू केली. रूळ अवघे अडीच फूट रुंद. तिच्या अनुभवावरून त्याच गृहस्थाने पुढे इंग्लंडात तसल्याच रुळांची एक रेल्वे उभारली, ही गोष्ट बार्शीकरांना ठाऊक असावयास हवी. पण आम्ही तेव्हा तिच्या मंद चालीला नावे ठेवण्यातच वेळ घालवला. कुर्डुवाडीला मोठी गाडी धरली आणि उजाडता उजाडता दादरला उतरलो.

स्नेह्यांचे मामा लालबागला गिरणीत होते. दादरहून परळमार्गे लालबागपर्यंत आम्ही चालत गेलो. पहिल्याच तासात बसचे पैसे मोडावयाचे नाहीत असा निश्चय होता. मामांची खोली म्हणजे दहा बाय बाराची एक जागा, आणि तीत आपल्याच भागातली अकरा माणसे. अकरा माणसे त्या खोलीत मावतात कशी, याचे उत्तर पाळ्यांत होते. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच वळकटीवर पडे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीत एक खुंटी. मामांनी भाच्याला पाहिले आणि पहिला प्रश्न केला, ‘घरी सांगून आलायसा न्हवं?’ मग म्हणाले, ‘रातच्याला हितंच पडा. माझी रातपाळी हाय, जागा मोकळीच ऱ्हाती.’

जेवण शेजारच्या चाळीतल्या खाणावळीत. बाई स्वतःच्या बिऱ्हाडातच पंधरा-वीस कामगारांना रांधून घालीत. हिशेब वहीत, पैसे पगाराच्या दिवशी. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. आम्ही दोघे पाहुणे म्हणून बाईंनी पैसे घेण्याचे नाकारले; मामांनी ते आपल्या नावावर मांडावयास लावले. त्या वेळी गिरण्यांतून बोनसचा तंटा पेटलेला होता. पंक्तीला बसलेली माणसे जेवता जेवता त्याच गोष्टी बोलत होती. आम्हाला त्यातले निम्मे समजले नाही.

तिथून भायखळ्याची राणीची बाग जवळच. बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्याकडे पाहत नाहीत. पिंजऱ्यातला हत्ती पाहावयास निघून जातात. परंतु हा दगडी हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगिजांनी त्याच्यावरूनच बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. एकोणिसाव्या शतकात तो विलायतेला नेण्याचा इंग्रजांनी घाट घातला. उचलताना तो तुटला, म्हणून इथे राहिला आणि पुढे जोडून उभा केला गेला. हे ऐकले मात्र, आमच्या मनात घारापुरीचे बेट भरले. स्नेह्यांच्या मनात मात्र मेट्रोतला सिनेमा होता. दोन्हीला पैसे पुरत नव्हते. हा वाद दिवसभर आमच्याबरोबर चालला.

दुपारी क्रॉफर्ड मार्केटवरून बोरीबंदरला आलो. आज त्या स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, आणि २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही गेलो तेव्हा ते नुसते स्टेशन होते. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ साली बांधावयास घेतलेल्या त्या इमारतीच्या खांबांवर दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, फुले पाहत आम्ही अर्धा तास उभे होतो. हजारो माणसे खालून धावत होती आणि मान वर करणारे आम्ही दोघेच. हमालाने ‘गाडी चुकली का?’ म्हणून विचारले.

पुढचा सारा फोर्टभाग आम्ही पायी पाहिला. टाउन हॉलच्या रुंद पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडली. ही इमारत १८३३ ची. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. महामहोपाध्याय काणे यांचा या संस्थेशी दीर्घ संबंध होता, आणि दुर्गाबाई भागवत इथेच वर्षानुवर्षे वाचीत बसत. आम्हाला आत शिरण्याचा धीर झाला नाही. पण पायऱ्यांना तिकीट नव्हते. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे दिलेल्या देणगीतून १८७८ साली पुरा झाला. खालून तो पाहताना आमच्या स्नेह्यांनी एक प्रश्न केला. ते म्हणाले, ‘सकाळपासून आपण जे जे पाहिले, त्यात एक तरी वस्तू कोणाच्या खासगी मालकीची होती काय?’ आठवून पाहिले, नव्हती. बाग, संग्रहालय, स्टेशन, ग्रंथालयाच्या पायऱ्या, विद्यापीठ. कोणा सावकाराने, कोणा पारशाने, कोणा डॉक्टराने पुढाकार घेऊन किंवा सरकारने कराच्या पैशातून ते उभे केलेले. आणि बार्शीच्या दोन पोरांना ते पाहण्यास फारतर चार आठ आणे पडलेले. पैसेवाला मनुष्य मुंबईत जी वस्तू विकत घेतो ती दुकानाच्या आत असते. आमचे सारे पाहणे रस्त्यावरचे होते, आणि मुंबईने आपले उत्तम ते रस्त्याच्या कडेलाच मांडलेले होते.

हुतात्मा चौकात आलो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. स्मारकावर दोन पुतळे आहेत, एक कामगार आणि एक शेतकरी, दोघांच्या हाती मिळून एक मशाल. दुपारी ज्यांच्या पंक्तीला जेवलो ती माणसे आमच्या डोळ्यांपुढे आली. ती एकाच देहात दोन्ही होती: आठ महिने गिरणीत, आणि पेरणीला रजा काढून गावी. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून आम्ही समुद्र पाहिला. त्याविषयी काही सांगत नाही. भोगावतीच्या काठच्या माणसाने पहिल्यांदा समुद्र पाहिला म्हणजे काय होते, ते ज्याचे त्याने अनुभवावे.

रात्री मामा कामावर निघताना वाद त्यांच्यापुढे गेला. निकाल त्यांनी चपला घालता घालता दिला. ‘शिनिमा काय, आज ना उद्या बार्शीला यील. बेट यायचं हाय का?’

रविवारी सकाळी गेटवेहून होडीत बसलो. १९२४ साली पुरी झालेली ही कमान पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालूनच परत गेली. होडीला तासभर लागतो. मग शंभरावर पायऱ्या, आणि मग ते काळोखे लेणे. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. हळूहळू समोरच्या भिंतीतून तीन मुखांचा महेश वर येतो. अठरा-वीस फूट उंच, मधले मुख मिटल्या डोळ्यांचे. सुमारे सहाव्या शतकातले काम. पोर्तुगिजांच्या काळात पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटले, हे मूर्तिमंत भंगले तरी शांत राहिले आहे. आमचे स्नेही, जे सिनेमासाठी रुसले होते, ते होडीची वेळ होईपर्यंत तिथून हलले नाहीत. परत आल्यावर जहांगीर कलादालनात शिरलो. १९५२ पासून ते सर्वांना विनामूल्य खुले आहे. त्या चित्रांतले आम्हाला फारसे कळले नाही, हे सांगण्यास हरकत नसावी. रात्री गाडीत बसलो तेव्हा खिशात सात रुपये होते.

पुढे दोन महिन्यांच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याचे कधी कोणी जाहीर केले नाही, आणि पुष्कळ गिरण्यांची दारे पुन्हा उघडली नाहीत. मामा वर्षभर वाट पाहून ट्रंक घेऊन गावी आले आणि भावाच्या शेतात राबू लागले. खाणावळीच्या वहीत त्यांच्या नावावर आमची दोघांची दोन जेवणे मांडलेली होती. गावी येण्यापूर्वी त्यांनी ती फेडली होती, असे स्नेह्यांना मामींकडून कळले.

अलीकडे आम्ही लोअर परळला गेलो होतो. तिथल्या फिनिक्स गिरणीच्या जागी झगझगीत बाजार उभा आहे. आत जाण्यास कोणी अडवीत नाही. पण खिशात सात रुपये असलेल्या मुलाने तिथे बसावे कुठे आणि पाहावे काय, हे आम्हाला उमगले नाही. लालबागच्या चाळींच्या जागी मनोरे आले, तिथे गाववाल्याची वळकटी पसरण्याची सोय नाही. म्हणजे मुंबई पाहणे गरिबाला अवघड झाले का? एका बाजूने झाले खरे. परंतु मुंबईने रस्त्याच्या कडेला जे मांडले होते, ते पुष्कळसे अजून तसेच आहे, आणि आपली लहान गाडी जाऊन मोठे रूळ आल्यापासून बार्शी टाऊन स्थानकावरून मुंबईची गाडी थेट मिळते.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, लॉजच्या खर्चाला भिऊन बेत मोडू नका. रात्रीच्या गाडीने जा, प्रतीक्षागृहात तोंडहात धुवा, दिवसभर पायी हिंडा, आणि रात्रीच्याच गाडीने परत या; दोन दिवस नाही तर एक दिवस तरी पदरात पडेल. लोकलचे लहानात लहान तिकीट अजून पाच रुपयांना मिळते. जोडीला एक मित्र हवाच, कारण वाद घालण्यास कोणी नसले तर काय पाहावे हे नीट ठरत नाही.

पालकांना एक विचारतो. आमच्या वेळी दोन मुलींनी असे जाणे कल्पनेतही नव्हते. आज त्याच मुली स्पर्धापरीक्षेसाठी पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा आपण स्वतः त्यांना गाडीत बसवून देतो. परीक्षेसाठी जी मुलगी जाऊ शकते, ती मैत्रिणीबरोबर घारापुरीला का जाऊ शकत नाही? ‘काम काय आहे?’ हा प्रश्न तिलाही विचारू नका. बरोबर कडक भाकरी द्या. पावसाळ्यात होडीचा भरवसा नसतो, तेवढे महिने टाळा. आणि सोमवार धरून जाऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात.